परड्यांतील गारवा

पन्हाळा आणि जोतिबा या डोंगरांच्या उत्तरेस, वारणा नदीच्या दक्षिण अंगास कोडोली हें मोठें गांव वसलेलें आहे. चैत्री पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते, सासनकाठ्या नाचतात, गुलाल उधळला जातो. आणि त्याच सुमारास वारणेच्या खोऱ्यांत उन्हाळा भरास येतो. वऱ्हाड-नागपुराकडील उन्हाच्या मानानें हें ऊन सौम्यच म्हणावयाचें. तिकडे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. इकडे तो बहुधा चाळिसाच्या अलीकडेच थबकतो, आणि दिवस कलला म्हणजे सह्याद्रीवरून पश्चिमेचा वारा वाहूं लागतो. परंतु दुपारचे चार तास येथेंही कठीणच. सबंध मुलूख काळ्या दगडाचा आणि नदीकांठीं काळ्या मातीचा. दोन्ही उष्णता पोटांत घेणारीं. अशा प्रदेशांत माणसांनीं घराभोवतालची जमीन थंड कशी राखली, या प्रश्नाला इतिहास आहे. तो राजवाड्यांच्या इतिहासाइतकाच जुना असून त्याहून अधिक लोकांचा आहे. मात्र तो लिहून ठेवण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाहीं.

कोल्हापूरकडे घरामागील मोकळ्या जागेला परडें म्हणतात. पुण्याकडे तिलाच परसू किंवा परसदार असें नांव आहे. पुढील सोपा पाहुण्यांचा, बैठकीचा व पुरुषांचा. मागील परडें बायकांचें, पोरांचें आणि गुरावासरांचें. भांडीं घासणें, धुणें, कांडण, निवडटिपण, वाळवण हीं सर्व कामें तेथेंच चालावयाचीं. यामुळें उन्हाचा ताप घरांत सर्वांत आधीं कोणाला लागतो याचें उत्तर सोपें आहे. बखरींतून दिंडीदरवाजे, चौक, दिवाणखाने यांचीं वर्णनें सांपडतात. परड्याचा उल्लेख क्वचितच येतो. तो जेथें येतो, तेथें तो योगायोगानेंच येतो.

असा एक उल्लेख कोडोलीच्या शेजारींच, पन्हाळ्याच्या परिसरांत जन्मलेल्या एका ग्रंथांत आहे. रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५ सालच्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या अमदानींत, ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीवरील ग्रंथ सिद्ध केला. त्या काळीं या गादीचें ठाणें पन्हाळ्यासच होतें. तें कोल्हापुरास गेलें तें पुढें १७८२ सालीं. किल्ला कसा राखावा हें सांगतांना अमात्य तोफा, दारूगोळा, हवालदार, सबनीस यांची व्यवस्था सांगून थांबत नाहींत. गडावर केरकचरा पडूं देऊं नये, झाडलेला केर गडाखालीं न टाकतां जागच्या जागीं जाळावा, आणि ती राख परसांत घालून घरोघर भाजीपाला करवावा, असें ते बजावतात. शिबंदीच्या घरांनाही परसें होतीं, आणि त्या परसांत काय पिकावें याची चिंता राज्याचा अमात्य करीत होता, हें वाचून अनेकांस नवल वाटेल.

त्याच ग्रंथांत गडावर झाडें लावण्याची आज्ञा आहे. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ असे थोर वृक्ष, निंबें-नारिंगें यांसारखीं लहान झाडें, फुलझाडें, वेली, जें जें म्हणून तगेल तें लावावें व जतन करावें, असा त्याचा आशय आहे. कारण दिलें आहे तें लांकडाचें: वेळप्रसंगीं झाड उपयोगी पडतें. सावलीचा शब्द तेथें नाहीं. परंतु वैशाखांत तटावर पहारा करणाऱ्या गड्याला त्या झाडाचा पहिला उपयोग कोणता होत असेल, तें सांगावयास ग्रंथाची जरूर नाहीं. पाण्याविषयीं तर अमात्य फारच सावध आहेत. गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें; एका झऱ्यावर विसंबूं नये, कारण तोफांच्या दणक्यानें झरे आटतात; म्हणून गडावर दोनचार टांकीं बांधून साठा ठेवावा. १६६० सालीं मार्चपासून जुलैपर्यंत, म्हणजे सबंध उन्हाळाभर, सिद्दी जौहरच्या वेढ्यांत पन्हाळा कोंडला गेला होता. तो अनुभव ध्यानांत घेतला म्हणजे ही सावधगिरी पुस्तकी नव्हती हें पटतें.

आतां परड्यांतील गारवा प्रत्यक्ष कसा साधत असे तें पाहूं. त्याचीं साधनें तीन: सावली, ओल आणि उघडें आकाश. पहिलीं दोन सर्वांच्या तोंडीं आहेत; तिसऱ्याकडे लक्ष फार थोड्यांचें जातें.

सावली दोन प्रकारची, झाडाची व मांडवाची. झाड वाढावयास वर्षें लागतात. मांडव एका दिवसांत उभा राहतो. माघ-फाल्गुनांत चार मेढी रोवाव्या, वर आडव्या काठ्या बांधाव्या, त्यांवर उंसाचें पाचट, कडब्याच्या पेंढ्या किंवा डहाळ्या अंथराव्या, कीं चार महिन्यांचें छप्पर झालें. मृगाचा पाऊस लागण्याच्या आंत तें उतरून घ्यावयाचें. पुढें त्याच मेढींवर पावसाळ्यांत घोसाळीं, दोडके, पडवळ, कारलीं यांचे वेल चढत. मांडवाचा विशेष असा कीं, वरच्या पाचटांतून हवा खेळती राहते. तापलेली हवा खालीं कोंडत नाहीं. पत्र्याचें छप्पर दिसावयास टिकाऊ, पण तें स्वतः तापून खालच्या माणसावर उष्णता ओततें. या बाबतींत पाचटाची बरोबरी पत्र्याला आजवर करतां आलेली नाहीं.

झाडाची सावली मांडवाहूनही सरस. कारण झाड मुळांवाटे पाणी ओढून पानांवाटे तें हवेंत सोडतें, आणि त्या क्रियेंत भोवतालची उष्णता खर्ची पडते. म्हणूनच कडुनिंबाखालीं जो गारवा मिळतो, तो तेवढ्याच सावलीच्या भिंतीआड मिळत नाहीं. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें ‘बृहत्संहिते’मध्यें वृक्षांविषयीं एक अध्याय लिहिला आहे. बागेंत किंवा घराशीं प्रथम लावावयाच्या मंगल वृक्षांत त्यानें निंब, अशोक, पुन्नाग, शिरीष यांचीं नांवें घेतलीं आहेत. आणि लावलेल्या झाडाला उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ पाणी घालावें, असा नियमही सांगितला आहे. दुपारीं पाणी घालूं नये, हें आजही प्रत्येक माळी सांगतो. चिंच व पिंपळ हीं झाडें मात्र लोक घराला खेटून लावीत नाहींत. चिंचेवर भूत असतें ही समजूत खुळी. पण पिंपळाचें मूळ भिंतींत शिरलें म्हणजे भिंत फुटते हें खरें. कांहीं समजुतींच्या पोटीं असा व्यवहार दडलेला असतो, कांहींच्या पोटीं कांहींच नसतें. सर्वांनाच शास्त्राचा मुलामा देण्याची हल्लींची हौस आवरलेली बरी.

दुसरें साधन ओल. दिवस कलतांच परड्यांत पाणी शिंपडावयाचें, सकाळीं शेणसडा घालावयाचा, आठपंधरा दिवसांनीं जमीन चोपून सारवावयाची, हा महाराष्ट्रांतील घरोघरचा परिपाठ होता. यामागील सृष्टिनियम साधा आहे. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते, व ती उष्णता पाणी भोवतालच्या जमिनींतून आणि हवेंतून घेतें. एक लिटर पाणी उडून जातांना जितकी उष्णता शोषून नेतें, तितक्या उष्णतेनें बर्फासारखें थंड असलेलें साडेपांच लिटरांहून अधिक पाणी उकळीस आणतां येईल. सच्छिद्र माठांतील पाणी गार होतें तें याच नियमानें; आणि सारवलेलें परडें म्हणजे एक उताणा माठच होय. शेणमातीची जमीन पाणी धरून ठेवते व सावकाश सोडते. गुळगुळीत फरशीवर तेंच पाणी ओतलें तर तें वाहून मोरीस मिळतें किंवा घटकेभरांत उडून जातें, आणि फरशी पुन्हां पूर्ववत् तापते.

येथें हवेचाही प्रश्न येतो. हवा कोरडी असेल तरच पाणी झपाट्यानें उडतें. त्यामुळें चैत्रांतील कोरड्या दुपारीं शिंपणाचा जो गुण येतो, तो ज्येष्ठाच्या तोंडाशीं, ढग दाटून हवा दमट झाल्यावर येत नाहीं. वाळ्याचे पडदे नागपूर-अमरावतीकडे वरदान ठरतात. रत्नागिरी-मालवणास तेच पडदे ओले करून टांगले तर घामांत भरच पडेल. कोंकणांत म्हणून सारा भर सावलीवर व वाऱ्यावर. माडाच्या झावळ्यांचा मांडव घालावा आणि वारा अडवूं नये. कोडोलीचें स्थान या दोहोंच्या मधलें आहे. तेथें वैशाखापर्यंत पाणी कामास येतें, नंतर मांडव व वारा. वाळ्याचा इतिहासही मनोरंजक आहे. अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’मध्यें वाळ्याच्या झोपड्या उभारून त्यांवर पाणी मारण्याच्या प्रथेचें श्रेय अकबराला दिलें आहे. दरबारी इतिहासकार बादशहाला जें श्रेय देतो, तें थोडें हातचें राखूनच घ्यावें लागतें. वाळ्याचें मूळ पाण्यांत टाकून तें सुगंधी करण्याची रीत या देशांत त्याहून कितीतरी जुनी आहे.

ओल राखण्याची खरी युक्ति मात्र शिंपणांत नव्हती. ती न्हाणीच्या पाटांत होती. न्हाणीचें, भांड्यांचें, धुण्याचें पाणी एका चिंचोळ्या पाटानें परड्यांत काढून देत, आणि त्या पाटाच्या कडेला केळ, कर्दळ, अळू हीं लावीत. या तिन्ही झाडांचीं पानें रुंद, तहान मोठी, आणि सांडपाणी त्यांना चालतें. त्यांतून अळूची भाजी, केळीचीं पानें व फळें मिळत, हा व्यावहारिक लाभ. आणि न्हाणीशेजारचा तो कोपरा भर दुपारींही हिरवा व ओलसर राही, हा अनायासें मिळणारा दुसरा लाभ. पुढें एखादा कढीलिंब, एखादा शेवगा, मध्यें तुळस. यांत कोणत्याही राजाचा, स्थपतीचा किंवा ग्रंथाचा हात नव्हता. एकदां वापरलेलें पाणी दुसऱ्यांदा वापरावयाचें, एवढाच त्याचा पाया होता.

तिसरें साधन म्हणजे उघडें आकाश. दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता आकाशाकडे टाकते, आणि आकाश निरभ्र असेल तर ती लवकर निवते. सबंध परड्यावर दाट झाडी असेल तर दिवसा सुख लाभतें, पण रात्रीं तीच झाडी पांघरुणासारखी उष्णता अडवून धरते. म्हणून झाड पश्चिमेच्या कडेला आणि मधला भाग मोकळा, ही मांडणी सर्वांत सोयीची. तिसऱ्या प्रहरचें तिरपें ऊन झाडानें अडवावें, आणि रात्रीं बाज टाकावयास मध्यें चांदणें असावें. पूर्वीं उन्हाळ्यांत सारें गांव अंगणांत नि परड्यांत निजत असे, त्याचें कारण हेंच.

आतां राजेरजवाड्यांनीं हेंच काम कसें केलें याकडे वळतां येईल. अहमदनगरास निजामशाहींत, १५८३ सालीं पुरा झालेला फराहबागेचा महाल मोठ्या तलावाच्या मधोमध उभा केला. चहूंकडून पाण्यावरून येणारा वारा आंत यावा ही त्याची योजना. पुण्यास अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावापासून नळानें पाणी शहरांत आणलें. शनिवारवाड्यांतील हजारी कारंजें हें त्या काळच्या जलवैभवाचें स्मारक. साताऱ्याजवळ लिंब येथें १७१९ ते १७२४ या काळांत विरूबाई भोसले यांनीं बांधविलेली बारा मोटांची विहीर तर या सर्वांत अपूर्व. विहिरीच्या पोटांतच महाल आहे. उन्हाळ्यांत खालच्या पाण्याचा गारवा आणि जाड दगडी भिंती यांमुळें तेथें बसणें सुखाचें होतें. मूळ हेतु मात्र आमराई भिजविण्याचा होता. आणि कोडोलीच्या डोक्यावरच, पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशीं, अंधारबाव आहे: काळ्या दगडाची तीन मजली इमारत, तळाशीं विहीर, वर राहण्याची जागा. ती बांधली पाण्याच्या रक्षणासाठीं, शत्रूच्या हातीं पाणी लागूं नये म्हणून. गारवा हा तिचा आनुषंगिक गुण. तरीही वैशाखांत पन्हाळ्यास जाणारा माणूस तिच्या आंत दोन घटका रेंगाळल्यावांचून राहत नाहीं.

या वास्तूंचीं वर्णनें पुष्कळ झालीं आहेत. त्यांच्याविषयीं एवढेंच म्हणावयाचें कीं, लिंबच्या विहिरीवर मोट ओढावयास बैल होते, कात्रजच्या नळांत पाणी उतारानें येत होतें. परड्यांतील पाणी बाईच्या डोक्यावरून येई. ज्या घरीं आड होता, तेथें रहाटावर दोर ओढावा लागे. ज्या घरीं नव्हता, तेथें ओढ्यापर्यंत किंवा गांवविहिरीपर्यंत खेपा. चार घागरी पिण्यास, दोन न्हाणीस, आणि उरल्यास शिंपणास, असा तो हिशेब. म्हणून न्हाणीच्या पाटाला इतकें महत्त्व. गारवा हा चैनीचा विषय वाटतो. पण ज्या वर्षीं आड तळाला जाई, त्या वर्षीं प्रथम शिंपण थांबे, मग केळ वाळे, मग अळू, आणि शेवटीं तुळशीपुरता तांब्या उरे. १८७६-७७ च्या आणि १९७२ च्या दुष्काळांच्या हकीगती सर्वांना ठाऊक आहेत; त्यांत पिकांचे व गुरांचे आंकडे आहेत, परड्यांचे नाहींत.

याहून कठोर गोष्ट म्हणजे, कित्येकांना घागर भरून घेण्याचाही अधिकार नव्हता. गांवची विहीर अस्पृश्य मानलेल्या लोकांस बंद. कोणीतरी वरून ओंजळींत किंवा मडक्यांत पाणी घालील तेव्हां मिळावयाचें. पिण्याच्या पाण्यासाठीं जेथें ताटकळावें लागे, तेथें अंगणांत सडा घालावयाचें पाणी कोठून येणार? गांवाच्या कडेच्या त्या वस्त्यांत ऊन तेंच होतें, माती तीच होती, हातांतील कसबही तेंच होतें. पाणी तेवढें नव्हतें. कोल्हापूर संस्थानांत राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१९ सालीं सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा येथें शिवाशिव पाळूं नये असे हुकूम काढले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ च्या मार्चांतला. त्याच्या आठ वर्षें आधींचे हे हुकूम आहेत. हुकूम निघाला म्हणजे दोर लगेच हातीं आला असें नाहीं. खासगी परड्यांतील आड तर हुकुमाच्या कक्षेबाहेरच राहिले. तरी पाणी हा हक्क आहे, कोणाच्या मर्जीचें दान नाहीं, हें तत्त्व दरबारच्या कागदावर आलें, आणि तें येथें आलें, ही गोष्ट लहान नव्हे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलें. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकांत तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानें कोडोलीच्या शेजारींच सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याभोवतीं वारणानगर वसलें, आणि वारणेच्या खोऱ्यांत उंसाचें रान पसरलें. नळ आले, विजेचे पंप आले. बायकांच्या डोक्यावरील घागर पुष्कळ अंशीं उतरली. ही प्रगति आहे, आणि जुन्या परड्याचे गोडवे गातांना ज्यांना खेपा घालाव्या लागल्या नाहींत त्यांनीं हें विसरूं नये.

पण पाणी आलें आणि परडें गेलें, हाही त्याच काळाचा इतिहास आहे. भाऊवांटणींत परड्याचे दोन, मग चार तुकडे झाले. एका तुकड्यांत संडास, दुसऱ्यांत खोली, तिसऱ्यांत गाडी ठेवण्याची जागा. कौलांच्या जागीं स्लॅब आला. तो दिवसभर तापतो आणि रात्रभर खालच्या खोलींत उष्णता सोडतो. सारवणाची कटकट नको म्हणून सिमेंटचा कोबा घातला, अलीकडे त्यावर रंगीत ठोकळे बसविले. चिखल गेला, झाडलोट सोपी झाली, पावसाळ्यांत पाय घसरत नाहींत. ज्या बाईनें आयुष्यभर शेण कालविलें, तिनें कोबा मागितला यांत तिचा दोष नाहीं. न्हाणीचें पाणी आतां नळींतून थेट गटाराला मिळतें. केळ काढून टाकली, कारण तिचा पाला पडतो. मग भिंतींत पंखा बसतो, पुढें हवा थंड करणारें यंत्र येतें. आणि तें यंत्र आंतली उष्णता बाहेर, त्याच परड्याच्या उरलेल्या तुकड्यांत, टाकतें.

जुन्याकडे परत जाण्याचा उपदेश कोणी करूं नये. शेणसड्यासाठीं कोणी म्हैस बांधणार नाहीं, आणि बांधावी असेंही नाहीं. परंतु न्हाणीच्या पाण्याचा पाट आजही निघूं शकतो. भिंतीच्या पश्चिमेस तीन हात जमीन कोब्यावांचून सोडतां येते. तीत कडुनिंबाचें रोप आषाढांत लावलें तर पहिलीं दोन उन्हाळीं त्याला पाणी द्यावें लागतें, पुढें तें स्वतःचें स्वतः पाहतें. कोडोलीसारख्या गांवीं, जेथें अजून घरांमागें थोडीफार माती शिल्लक आहे, तेथें हें काम शहरापेक्षां सोपें आहे. मात्र ती माती झांकली जाण्यापूर्वीं तें व्हावयास हवें.